वडाळ्याच्या चिखलातली जीप

सोमवार, ९ सप्टेंबर १९५७

आज नव्या नोकरीवर हजर झालो. फौजेच्या वर्कशॉपात नऊ वर्षं काढली. तिथे दिवसभरात काय केलं ते रोज लिहावं लागे. ती सवय सुटत नाही, म्हणून ही वही.

काल विसर्जन झालं. लालबागच्या रस्त्यावर अजून गुलाल आहे आणि माणसांचे घसे बसलेले आहेत. पानवाल्याला गॅरेजचा पत्ता विचारला तर त्याने नुसतंच बोट दाखवलं. त्याचा आवाज बहुतेक गणपतीबरोबर चौपाटीला गेला असावा.

गॅरेज म्हणजे गिरणीच्या भिंतीला लागून पत्र्याची शेड, पुढे फरसबंद अंगण आणि शेडवर लाकडी माळा. माळ्याला एकच खिडकी, ती अंगणात उघडते. भिंतीवर हातभर अक्षरांत 'मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे'. मालक तात्या गिरगावातून ट्रामने येतात. साठीचे, धोतर, काळी टोपी, बोलायची भारी हौस. पहिल्या दहा मिनिटांत मला कळलं की सत्याग्रहात ते पंधरा दिवस तुरुंगात होते आणि तिथली डाळ फार पातळ होती. चहा आला तो दोघांना एकसारख्या कपात. असल्या गोष्टी मी बघतो. बघायची वेळ आमच्यावर बरेचदा आलेली आहे. तात्या पास झाले.

बोली झाली ती अशी. त्यांच्याकडे लढाईच्या वेळची एक जुनी जीप आहे. दसऱ्यापर्यंत ती ठीक झाली तर माझी नोकरी कायम, आणि माळा राहायला. मला माळाच हवा आहे. माझ्या बायकोला, बकुळाला, सातवा लागलाय. आमचं पहिलं मूल गावीच गेलं, सुईण पोचेपर्यंत. या खेपेला तिला परळच्या इस्पितळांपासून हाकेच्या अंतरावर आणून ठेवायचं, एवढं एकच माझ्या डोक्यात आहे. मुंबईत आमच्यासारख्याला खोली मिळणं म्हणजे काय, ते ज्याने शोधली त्यालाच विचारावं. इथे एक जीप दुरुस्त केली की खोली. जीप तर मी झोपेतही दुरुस्त करीन.

बकुळाला पत्र टाकलं. मी जरा जास्तच खूष होऊन लिहिलंय असं ती म्हणेल.

बुधवार, ११ सप्टेंबर

जीप वर्षभर ताडपत्रीखाली उभी होती. तात्यांचा मुलगा रघुवीर कॉलेजात जातो, केसांना भरपूर तेल, गाडी चालवायचं वेड. पण ताडपत्री काढायला हात लाव म्हटलं तर त्याला एकाएकी अभ्यास आठवला. मी एकट्यानेच काढली.

पुढे उपयोगी पडेल म्हणून लिहून ठेवतो. जीपमध्ये बसलं की हाताशी तीन दांडे. लांब तो गिअरचा. बाकीचे दोन आखूड, ते गिअरबॉक्समागच्या दुसऱ्या पेटीचे. त्या पेटीला आम्ही ट्रान्सफर म्हणतो. एका दांड्याने इंजिनाचा जोर मागच्या दोन चाकांना द्यायचा की चारही चाकांना, ते ठरतं. दुसऱ्याने साधी चाल किंवा चिखलातली संथ, जास्त ताकदीची चाल. चारही चाकं चिखलात, वाळूत लावायची, डांबरावर नाही. कोरड्या रस्त्यावर ती जोडलेली राहिली की पेटीत पीळ भरतो आणि दांडा निघता निघत नाही. मग रिव्हर्समध्ये चार हात मागे जायचं. पीळ उतरतो, दांडा सुटतो.

या गाडीचा आजार असा, की चालता चालता तो दांडा आपोआप चारही चाकांवर जातो. त्यात काही मोठं नाही. दांड्याला खाचेत धरून ठेवायला एक लोखंडी गोळी असते आणि तिच्यामागे स्प्रिंग. स्प्रिंग मेली की दांडा मोकाट सुटतो. उद्या चोर बाजारातून नवी आणतो.

तात्यांना हे सगळं समजावून सांगितलं. ते मान हलवत होते, पण बघत होते माझ्या डोक्यावरून, जीपकडे.

शनिवार, १४ सप्टेंबर

ट्रान्सफरचं ऑइल काढलं. काळं निघायला हवं होतं, निघालं राखाडी, आणि तळाशी बोटभर गाळ. जिभेला लावून बघितलं तर खारट. वर्षभर लालबागला उभ्या असलेल्या गाडीत समुद्र कुठून आला? तात्या म्हणाले, गेल्या वर्षी ती वडाळ्याच्या मिठागरात भाड्याने दिली होती, तिथे रुतली होती. एवढं बोलून ते हिशेबाच्या वहीत डोकं घालून बसले. वही उलटी होती.

पेटी रॉकेलने तीनदा धुतली. नवी गोळी, नवी स्प्रिंग, नवं ऑइल. दांडा आता असा बसतो की ऐकूनच समाधान वाटावं.

जेवायला समोरच्या चाळीत जातो. कमलाबाई नावाच्या आमच्याच समाजातल्या बाई आहेत, चार-सहा जणांची खानावळ चालवतात. सुक्या बोंबलाची चटणी अशी की माणसाने नोकरी सोडून तिथेच बसावं. मी कुठे कामाला लागलो ते आज त्यांनी विचारलं. सांगितल्यावर त्यांनी हातातली भाकरी ताटात ठेवली आणि आत निघून गेल्या. परत आल्या त्या दुसऱ्याच गोष्टी बोलायला.

मंगळवार, १७ सप्टेंबर

रघुवीरला कसाबसा शेजारी बसवून गाडी रस्त्यावर काढली. परळ नाक्यापर्यंत लोण्यासारखी गेली. नाक्याजवळ ट्रामसाठी थांबून पुन्हा निघालो आणि माझ्या डोळ्यांदेखत दांडा सरकला.

नीट लिहितो. मेलेल्या स्प्रिंगचा दांडा झटक्याने उडतो, दणका बसतो. हा उडाला नाही. हा हळू आला, मध्ये क्षणभर थांबला, दाते जुळल्यावर मग पुढे बसला. जाणत्या हाताने बसवल्यासारखा. चारही चाकं लागली, स्टिअरिंग जड झालं, टायर डांबरावर किंचाळायला लागले. रिव्हर्स घेतल्याशिवाय सुटका नव्हती. मी रिव्हर्स टाकायला गेलो तर रघुवीरने माझं मनगट धरलं. त्याचा हात थंडगार होता. खाली कोणी नाही ना ते बघा, म्हणाला. चालत्या रस्त्यावर गाडीखाली कोण असणार? तरी त्याच्या समाधानासाठी उतरून वाकून बघितलं. कोणी नव्हतं. मागे आलो, दांडा सुटला.

गॅरेजमध्ये आणून ऑइल पुन्हा काढलं. तीन दिवसांपूर्वी घातलेलं ऑइल राखाडी झालं होतं, आणि खारट.

पेटीला कुठेतरी बारीक चीर असणार. ती सापडेल.

शुक्रवार, २० सप्टेंबर

आजचं जसं झालं तसं लिहितो.

दुपारी जीपखाली उताणा पडून ट्रान्सफरचे खालचे बोल्ट सोडत होतो. उजवा हात वर अडकलेला. फौजेत आम्ही जोडीने काम करायचो, त्या सवयीने डावा हात बाजूला पसरला आणि 'अर्धा' म्हटलं. अर्ध्या इंचाचा पाना तळहातावर आला. बोल्ट सोडला. मग 'नऊ-सोळा' म्हटलं, म्हणजे नऊ-सोळांश इंचाचा. तोही आला. दोन्ही बोल्ट निघाल्यावर माझ्या लक्षात आलं, की इथे मला जोडीदार नाही.

बाहेर आलो. अंगणात लख्ख ऊन. तात्या बँकेत गेलेले, रघुवीर कॉलेजात. मी विडी पेटवली आणि स्वतःची समजूत घातली, की पाने बाजूलाच पडलेले असतील, चाचपून मीच उचलले असतील. अर्ध्या इंचाचा माझाच होता. पण नऊ-सोळाचा पाना माझ्या पेटीत नाही. तो घ्यायचा राहून गेलाय. हा ओला होता, आणि त्याच्या दांडीवर छिन्नीने ठोकून 'द' काढलेला आहे.

विडी संपली तरी मी तिथेच उभा होतो.

सोमवार, २३ सप्टेंबर

आज सर्वपित्री. तात्यांनी गिरगावातून पानं वाढून आणली आणि गॅरेजच्या भिंतीवर कावळ्यांसाठी ठेवली. एक वडिलांचं. दुसरं कोणाचं ते विचारलं तर म्हणाले, आहे असाच एक. दुसऱ्या पानाला कावळा शिवला नाही. तात्या उन्हात दोन तास उभे होते.

'द' म्हणजे कोण ते मी कमलाबाईंना विचारलं. माझ्याआधी इथे दत्ताराम नावाचा मेकॅनिक होता, याच चाळीतला. गेल्या वर्षी दसऱ्याच्या आदल्या दिवशी वडाळ्याच्या चिखलात जीप रुतून तिच्याखाली मेला. त्याची बायको गावी गेली. कमलाबाई हळू आवाजात म्हणाल्या, "बुधाजी, तू पोटुशा बायकोला तिथे आणतोस, ते मला काय पटत नाय बाबा."

मी हसलो. गेल्या डिसेंबरात दादरला लाखो माणसांत उभं राहून मी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. श्राद्ध नाही, पिंड नाही. भूतखेत, अंगारे-धुपारे सगळं मागे टाकलं. ते काही गंमत म्हणून केलेलं नाही. मेलेला माणूस मेलेला असतो. तो पाने देत नाही.

माझ्या पेटीत तो पाना आहे, तेवढं मात्र खरं.

गुरुवार, २६ सप्टेंबर

आज पाना तात्यांच्या पुढ्यात ठेवला. ते जुन्या टायरवर बसले, टोपी काढून हातात घेतली आणि सगळं सांगितलं.

गेल्या वर्षी दसऱ्याच्या आधी जीप मिठागरात रुतली. दत्ताराम नागपूरला निघाला होता. सगळी चाळ दीक्षेला चालली होती, त्याचं गाठोडं बांधून तयार होतं. तात्यांनी त्याला अडवलं. जीप तेवढी काढून दे आणि मग जा, एक दिवस उशिराने काय बिघडतंय. तो थांबला. दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. गाडी जिथे असेल तिथे त्या दिवशी तिची पूजा व्हायलाच हवी, म्हणून दुसऱ्या गाडीतून तात्या, रघुवीर आणि पूजेचं ताट घेऊन सरोजिनीबाई, तात्यांची बायको, सगळे वडाळ्याला गेले. ट्रान्सफरचा दांडा अडकून बसला होता. त्याला खालून जोडलेली दांडी हाताने फिरवायला दत्ताराम जीपखाली शिरला.

गॅरेजात एक रीत असते, फौजेतही होती. गाडीखाली जाणारा आपलं फडकं स्टिअरिंगला बांधतो. ते दिसलं की गाडीला कोणी हात लावायचा नाही. ज्याने बांधलं त्यानेच बाहेर येऊन सोडायचं. दत्तारामनेही बांधलं होतं. सरोजिनीबाई हळदकुंकू घेऊन आल्या तर स्टिअरिंगला तेलकट, काळं फडकं. पूजेच्या गाडीला हे कसलं, म्हणून त्यांनी ते सोडून टाकलं आणि झेंडूची माळ घातली. रघुवीर दुसऱ्या बाजूने चढला. माळ दिसली, फडकं दिसलं नाही. दत्तारामचं काम झालं असं समजून त्याने गाडी सुरू केली आणि रिव्हर्स टाकला.

चिखल मऊ होता, म्हणून दत्ताराम लगेच मेला नाही. छातीपर्यंत दबून होता, आणि पाणी मागत होता. तात्या माणसं आणायला धावले. रघुवीर पाणी आणायला मिठागराच्या झोपड्यांकडे पळाला. तो परत आला तेव्हा सगळं संपलं होतं. आणि एवढा वेळ पूजेचा भरलेला तांब्या बॉनेटवर होता. सरोजिनीबाई त्याच्याजवळ उभ्या होत्या.

"सुचलंच नाही रे," तात्या म्हणाले. "देवाशपथ सांगतो, तिलाही सुचलं नाही, मलाही. पूजेचं पाणी होतं ते."

मला त्यांचं खरं वाटलं, आणि ते खरं वाटल्यामुळेच माझे कान तापले. न द्यायचं ठरवून दिलं नाही, असं नव्हे. हात गेलाच नाही. का गेला नाही ते मला ठाऊक आहे, माझ्या बापाला ठाऊक होतं, आजाला ठाऊक होतं. एकसारख्या कपातला चहा मला तेव्हा आठवला. तात्या वाईट माणूस नाहीत. मला त्यांच्या तोंडावर खूप काही बोलायचं होतं आणि मी बोललो नाही, कारण मला माळा हवा आहे.

शेवटी त्यांनी विचारलं, गाडीची शांत करून घेऊ या का. ब्राह्मण, नारळ, लिंबं. मी म्हटलं, मी असेपर्यंत यातलं काही इथे होणार नाही.

शनिवार, २८ सप्टेंबर

आता दांड्याचं कळलं. त्याने बांधलेलं फडकं त्याने सोडलेलं नाही. रीतीप्रमाणे तो अजून खालीच आहे. कामावर आहे. जीप चिखलातून काढायला खालून दांडी फिरवतोय, चारही चाकं लावतोय. त्याला कोणी सांगितलंच नाही की आता बाहेर ये.

हे मी लिहिलं. मी, बुधाजी, फौजेचा मेकॅनिक.

बकुळाचं पत्र आलं. पावसाळ्यात बंद असलेली आगबोट सुरू झालीय. बुधवारी सकाळी भाऊच्या धक्क्याला उतरते. गावची मंडळी सोबत आहेत. पायांना सूज आहे, पण पोटातला दंगा करतो, असं तिने लिहिलंय. मी पत्र चारदा वाचलं.

दुपारी जीपखाली गेलो होतो. कानाशी कोणीतरी 'पाणी' म्हणालं. माझ्या इतक्या जवळ, की त्याचा श्वास कानाला लागला. ओला.

बाहेर येऊन बसलो. तांब्या जवळच होता. एक वाटीभर पाणी गाडीखाली सरकवायला काय जातं? पण मग मी आणि भिंतीवर पान ठेवणारे तात्या, यात फरक काय राहिला? मी शपथ घेतली आहे. नाही ठेवलं.

संध्याकाळी सुचलं की दत्ताराम नागपूरला पोचलाच नव्हता. शपथ माझी आहे, त्याची नाही. तहानलेल्याला पाणी देणं म्हणजे पिंड देणं नव्हे.

तरी नाही ठेवलं. शपथेसाठी नव्हे. हात आत घालायची मला भीती वाटली. ही लाज या वहीत राहू दे.

सोमवार, ३० सप्टेंबर

जीपखाली गेलो नाही. वरूनच पेटी बंद केली. दांडा खाचेत बसवला आणि जाड तारेने सीटच्या सांगाड्याला करकचून बांधला. आता सरकूच शकत नाही. तार बघत तासभर बसलो. तिला ताण येतो, मग ढिली पडते. पुन्हा ताण.

रस्त्यावर काढून बघायला हवी. बघितली नाही.

मंगळवार, १ ऑक्टोबर

तात्यांनी विचारलं, गाडी कशी आहे. ठीक आहे म्हणालो. उद्या बोटीने बकुळा येतेय, तेही सांगितलं.

रघुवीरने तीनदा विचारलं. नक्की? आता काही नाही ना? तिन्ही वेळा नाही म्हणालो. त्याने माझे दोन्ही हात धरले आणि रडायला लागला. वर्षभर त्याला झोप नाही. किती हलकं वाटतंय, म्हणाला. मी त्याच्याकडे बघू शकलो नाही.

माळ्याची किल्ली मिळाली. जमीन धुतली, भिंतीला चुना काढला, खिडकीशी बकुळासाठी चटई टाकली. इथून इस्पितळ पायी दहा मिनिटं. बाळंतपण होऊ दे. मग तात्यांना खरं सांगीन. तोपर्यंत ही गाडी कोणी बाहेर काढायची नाही, काहीतरी निमित्त काढीन. दोन महिन्यांचा तर प्रश्न आहे.

बुधवार, २ ऑक्टोबर. सकाळी साडेनऊ

धक्क्यावर जायला खाली उतरलो तर अंगणात जीप नाही.

तात्या हत्यारं पुसून पूजेला मांडत होते. आज खंडेनवमी. हसत म्हणाले, रघुवीर पहाटेच आला, दादरहून झेंडू आणले, आणि गेला भाऊच्या धक्क्याला. बुधाजींच्या बायकोला या अवस्थेत ट्रामने कशाला आणायचं, मी घेऊन येतो, म्हणाला. तुला मुद्दाम सांगितलं नाही, गाडीही ढकलतच बाहेर नेली. त्याच्या मनावरचं थोडं ओझं उतरेल.

जिथे जीप होती तिथे तारेचे तुकडे पडलेत. पूजेच्या गाडीला ती तार काय शोभते, म्हणून रघुवीरने पकडीने तोडली.

मी धक्क्याकडे धावायला निघालो. नाक्यावरून परत फिरलो. ते कोणत्या रस्त्याने येतील कोणास ठाऊक. वाटेत चुकामूक झाली आणि गाडी इथे आली, तर इथे कोणीतरी हवं.

सव्वादहा

तात्या सरोजिनीबाईंना आणायला गिरगावला गेले. मी एकटा. माळ्यावर खिडकीशी बसलोय. लिहितोय, कारण हाताला दुसरं काही काम नाही.

माझगाव ते लालबाग. किती वेळ लागतो? अर्धा तास. बोट उशिरा आली असेल. दरवर्षी पहिल्या आठवड्यात उशीर होतोच.

रस्त्यावर संयुक्त महाराष्ट्र समितीच्या सभेचा भोंगा लागलाय. त्यामुळे इंजिनाचा आवाज ऐकू येणार नाही.

अकरा

नाही.

दत्ताराम वाईट माणूस नव्हता. सगळे तेच सांगतात. तो कोणाला काही करणार नाही. त्याला फक्त सुटायचंय.

सुटायला रिव्हर्स घ्यावा लागतो —

अकरा वीस

आली. जीप आली. बकुळा पुढे बसलीय, मांडीवर गाठोडं, नाकात नथ. धडधाकट. हसतेय. रघुवीरने फाटकातून अलगद आत घेतली. मला रडू फुटलं. मी वेडा आहे. काही झालेलं नाही, काही —

चाकं. चारही चाकं राखाडी चिखलाने भरलीत. आठवडाभर पाऊस नाही.

रघुवीर उतरला. इंजिन सुरूच ठेवलंय. माळ्याच्या शिडीकडे येतोय, मला बोलवायला. बकुळा उतरली. थांबली. खाली कान देऊन ऐकतेय.

हाक मारली. भोंग्यात ऐकू जात नाही. पाय उचलत नाहीत. उठायचं म्हणतो आणि हात तेवढा लिहितोय —

तिने पिशवीतून फिरकीचा तांब्या काढला. जीपशेजारी बसतेय, एका हाताने पोट सावरत. मागच्या चाकाजवळ. खाली कोणाशी तरी बोलतेय. मान हलवली. फिरकी उघडतेय.

तिला सुचलं. लगेच सुचलं —

जीपला छत नाही. वरून तिन्ही दांडे दिसतात. स्टिअरिंगला माळ आहे. सीटवर कोणी नाही.

पहिला दांडा सरकला. हळू. मध्ये थांबला. बसला. चारही चाकं.

बकुळा, ऊठ. ऊठ गं —

तिने वर बघितलं. मी दिसलो. हसली. अंगठा तोंडाला लावून दाखवते, खाली बोट करते. त्याला तहान लागलीय म्हणते. हात आत घातला. कोपरापर्यंत. आता खांदा —

दुसरा दांडा. संथ चाल.

क्लच दाबल्याशिवाय रिव्हर्स पडत नाही. पडूच शकत नाही. क्लचवर पाय लागतो. हे मी लिहून ठेवतो, क्लच —

लांब दांडा हलला.

मी सांगितलं होतं गाडी ठीक आहे, तिन्ही वेळा मीच सांगि